रातांब्याचे कलम घेताना आणि फळ हाताळताना

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मृग तोंडावर आला की कोकणातल्या रोपवाटिकांत गर्दी सुरू होते. आंबा, काजू, नारळ यांच्या जोडीने आता कोकमाची, म्हणजे आमच्याकडच्या रातांब्याची आणि गोव्यातल्या भिरंडाची, रोपेही लोक मागू लागले आहेत. इतकी वर्षे बांधावर, ओढ्याकाठी, देवराईत आपसूक वाढलेल्या या झाडाला कोणी जागा आखून लावू पाहतो आहे, याचा मनापासून आनंद वाटतो. म्हणूनच हे पत्र जूनच्या आधी छापून यावे अशी विनंती आहे. कोकमात माणूस फसतो तो रोप घेण्याच्या दिवशी, आणि ते कळते सात-आठ वर्षांनी.

बियाचे आंब्याचे रोप लावले तर फळ उशिरा येईल, कदाचित आंबट येईल, पण येईल. कोकमाचे तसे नाही. यात नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. बियांपासून उगवलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि फुलल्याशिवाय ते ओळखता येत नाही. बियाचे झाड फुलायला सात-आठ वर्षे घेते. तोवर खत घातलेले, उन्हाळ्यात पाणी घातलेले, गुरांपासून राखलेले झाड नर निघाले, तर मालक कुऱ्हाड घेतो आणि "कोकमात काही राम नाही" असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. वास्तविक चूक झाडाची नसते. थोडे पैसे वाचवायला बियाचे रोप घेतले तिथेच ती झालेली असते.

फुलावरून नर-मादी ओळखणे मात्र अवघड नाही. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत झाड फुलते. नर झाडावर पानांच्या बेचक्यात बारीक देठांची फुले झुबक्याने येतात, मध्ये पिवळसर पुंकेसरांचा दाट पुंजका असतो आणि फळाचा अंकुर नसतो. मादी झाडाची फुले एकेकटी किंवा दोन-चार मिळून येतात, देठ जाडसर असतो आणि फुलाच्या मधोमध हिरवा गोल मणी दिसतो. तो मणी म्हणजेच पुढचे फळ. काही झाडांवर मणी आणि कामाचे पुंकेसर दोन्ही असलेली द्विलिंगी फुलेही येतात. ज्यांच्याकडे बियाची जुनी झाडे आहेत त्यांनी येत्या थंडीत प्रत्येक झाडाखाली उभे राहून एक फुलोरा हातात घेऊन पाहावा आणि खोडावर रंगाची खूण करून ठेवावी.

यातून दुसरी गोष्ट निघते, ती फारच कमी जणांना सांगितली जाते. नर झाड निरुपयोगी नाही. मादीच्या बागेत पराग पुरवायला शेकडा आठ-दहा नर झाडे लागतात. ती एका कोपऱ्यात न ठेवता बागेत विखरून लावावीत. बांधावर दोन-चारच झाडे लावायची असतील आणि आसपास जंगली रातांबे असतील, तर वेगळा नर लावायची गरज नाही. पण मग ते जंगली नर राखले पाहिजेत. साफसफाईच्या नावाखाली, "याला फळ धरत नाही" म्हणून आधी तीच झाडे तोडली जातात, आणि दोन वर्षांनी घरच्या मादी झाडावरचा मोहर का गळतो याचे कोडे पडते.

तेव्हा कलमच घ्यावे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ साली 'कोकण अमृता' ही निवड जात प्रसारित केली. तिची साल जाड आहे आणि मोठा गुण असा की फळ पावसाच्या आधी तयार होते. विद्यापीठाची दुसरी जात 'कोकण हातीस'. तिचे फळ बरेच मोठे असते. या जातींची कलमे विद्यापीठाच्या आणि शासकीय रोपवाटिकांत मिळतात. खासगी ठिकाणी घेताना रोपावर बांधलेली काडी कोणत्या मातृवृक्षाची, म्हणजे कोणत्या मूळ झाडावरून काढलेली आहे, हे विचारावे, आणि उत्तर गोलगोल आले तर रोप तिथेच ठेवावे. नर कलमेसुद्धा विचारून, वेगळी मोजून घ्यावीत.

कलम आहे एवढ्यावरही भागत नाही. काडी झाडाच्या कुठल्या फांदीची आहे, हे पाहावे लागते. कोकमाला दोन प्रकारची वाढ असते. मधला शेंडा सरळ वर जातो, आणि बाजूच्या फांद्या आडव्या जाऊन टोकाला खाली झुकतात. आडव्या फांदीची काडी बांधली तर कलम आयुष्यभर आडवेच वाढते. ते सरळ खोड करीतच नाही, झुडपासारखे जमिनीवर पसरते. त्याला फळ लवकर लागते म्हणून सुरुवातीला बरे वाटते. पण पुढे खालचे गवत काढता येत नाही, फळे मातीला टेकून कुजतात, आणि पसाऱ्याच्या मानाने उत्पन्न कमी येते. रोपवाटिकेत हे ओळखायचे असेल तर कलम डोळ्यांच्या पातळीला धरून पाहावे. उभ्या काडीच्या कलमाचा शेंडा सरळ असतो आणि पानांच्या जोड्या एकीआड एक काटकोनात, चारी बाजूंना फिरलेल्या असतात. आडव्या काडीचे कलम एका बाजूला कललेले असते आणि त्याची पाने हाताच्या पंजासारखी एकाच पातळीत पसरलेली दिसतात. असे कलम आधीच लावून झाले असेल तर उपटू नये. सहा फुटी बांबू रोवून त्यातल्या त्यात जोमदार फांदी सैलसर बांधत वर न्यावी आणि जमिनीलगतच्या फांद्या दरवर्षी छाटाव्यात. पूर्ण सरळ झाड होणार नाही, पण खालून हात फिरेल एवढी जागा होते.

उभ्या काड्यांचा पुरवठा मुळातच कमी असतो. एका झाडाला शेंडा एक आणि आडव्या फांद्या शंभर. म्हणून रोपवाटिकावाल्याला सोपे पडते ते आडव्या काडीचे कलम. यावर उपाय आहे. मातृवृक्ष म्हणून ठेवलेल्या काही झाडांचा शेंडा खुडला की खाली अनेक उभे धुमारे फुटतात आणि तेच काडीसाठी वापरता येतात. हे काम ज्या रोपवाटिका करतात त्यांची कलमे थोडी महाग असली तरी घ्यावीत. तो पैसा वाया जात नाही.

घरीच कलम बांधायची हौस असलेल्यांसाठी थोडक्यात. कोकमाचे बी वाळवून ठेवले की मरते. फळ फोडल्यावर गर धुऊन, सावलीत एक-दोन दिवस निथळवून, लगेच पिशवीत पेरावे. वर्षभराच्या आसपासचे, जोमदार रोप खुंट म्हणून, म्हणजे काडी ज्यावर बांधायची ते खालचे रोप म्हणून, घ्यावे. शेंडा छाटून मधोमध तीन-चार सेंटीमीटरची उभी चीर द्यावी. तेवढीच पाचर केलेली, १० ते १२ सेंटीमीटरची, पाने आधीच देठ ठेवून खुडलेली काडी त्यात बसवावी. निदान एका बाजूची साल सालीला भिडलीच पाहिजे. खुंट आणि काडी एकाच जाडीचे नसतील तर काडी मधोमध न बसवता एका कडेला सरकवावी. प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट बांधावे आणि वरून लांब पातळ पिशवीची टोपी घालावी, म्हणजे काडी सुकत नाही. कोंब दिसू लागला की टोपी काढायची. काडी काढल्याच दिवशी बांधावी. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली काडी दुसऱ्या दिवशी हिरवी दिसते, पण जोड धरण्याची तिची ताकद कमी झालेली असते.

लागवडीला ६ बाय ६ मीटर अंतर घ्यावे. हेक्टरी २७७ झाडे बसतात. साडेसात मीटरवर लावलेल्या नारळाच्या जुन्या बागेत चार माडांच्या मधोमध एक कोकम छान येते, कारण हे झाड मुळात जंगलाच्या सावलीत वाढणारे आहे. खड्डा ६० सेंटीमीटर लांब, रुंद, खोल. तो एप्रिल-मेमध्येच मारून उन्हात तापू द्यावा. भरताना वरची माती, एक-दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळावे. 'पूर्ण कुजलेले' हा शब्द महत्त्वाचा आहे. अर्धकच्चे शेण खड्ड्यात गेले की वाळवी येते आणि ती आधी कोवळ्या कलमाची साल खाते. खड्डा भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच भरावा. पावसात माती बसते आणि खळगा झाला तर त्यात पाणी साचून कलम मरते. कोकमाला पाऊस कितीही चालतो, मुळाशी तुंबलेले पाणी चालत नाही.

पाऊस स्थिरावल्यावर लावावे, पहिल्या वळवावर भुलू नये. जोड मातीच्या वर चार बोटे राहिला पाहिजे. पिशवीच्या तळाशी मुळे गोल गुंडाळलेली असतील तर तेवढा भाग धारदार सुरीने कापावा. तशीच ठेवली तर मूळ खोल जात नाही आणि झाड पुढे वाऱ्याला हलते. जोडावरची पट्टी वेळेत सोडवावी, नाहीतर ती खोडात रुतते आणि तिथूनच कलम मोडते. जोडाच्या खालून येणारी फूट दिसली की नखाने खुडावी. हे पहिली दोन-तीन वर्षे न कंटाळता करायचे आहे. खुंट बियाचा असतो, त्याची फूट कलमापेक्षा जोरात धावते, आणि लक्ष नसेल तर मादी कलम मरून त्याच जागी अनोळखी, कदाचित नर, झाड उभे राहते. "मी कलम लावले होते, तरी नर निघाले" अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. तिच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असते.

पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत दक्षिण-पश्चिमेच्या बाजूने झावळीचा आडोसा, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे जाड आच्छादन आणि आठवड्याला १० ते १५ लिटर पाणी एवढे पुरते. आच्छादन खोडाला टेकवू नये. नंतर पाण्याशिवाय झाड तगते. आंब्याच्या तुलनेत या पिकाचा सर्वात मोठा दिलासा हाच आहे. फवारणीचा खर्चही जवळपास नाही. भर पावसाच्या पट्ट्यात एखाद्या फांदीवर गुलाबी पापुद्र्यासारखी बुरशी दिसते आणि पुढची फांदी वाळते. ती फांदी रोगाच्या खाली वीतभर कापून जाळावी आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी हे तिचे प्रमाण. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, आणि भांडे लोखंडी नको.

खताचा हिशोब विद्यापीठाने दिलेला आहे. पहिल्या वर्षी झाडाला २ किलो शेणखत, ५० ग्रॅम नत्र, २५ ग्रॅम स्फुरद, २५ ग्रॅम पालाश, आणि दरवर्षी तेवढेच वाढवत दहाव्या वर्षी २० किलो शेणखत, ५०० ग्रॅम नत्र, २५० ग्रॅम स्फुरद, २५० ग्रॅम पालाश. दुकानाच्या भाषेत सांगायचे तर दहा वर्षांच्या झाडाला सुमारे १ किलो १०० ग्रॅम युरिया, दीड किलोवर थोडे सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४०० ग्रॅमवर थोडे म्युरेट ऑफ पोटॅश. आषाढातल्या धो-धो पावसात खत टाकणे म्हणजे ते वहाळाला देणे. जोर ओसरल्यावर, ऑगस्टमध्ये, फांद्यांच्या टोकांखाली गोल चर काढून द्यावे आणि मातीने झाकावे. बुंध्याशी टाकलेले खत तंतुमुळांपर्यंत पोचत नाही.

कलमाला चौथ्या-पाचव्या वर्षी फळ दिसू लागते. घाटावरून अनेक जण विचारतात की आमच्याकडे येईल का. झाड जगवता येते, सावली आणि पाणी दिले तर वाढतेही. पण कोकम हे पश्चिम घाटाच्या पावसाळी, दमट उतारांचे झाड आहे. कोरड्या, तापणाऱ्या मुलखात त्याची बाग लावून पैसे गुंतवू नयेत, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

आता फळाकडे. एप्रिलच्या अखेरीपासून फळे लाल-जांभळी होऊ लागतात, पण एकदम नाही. एकाच झाडावर चार-सहा वेळा तोडणी करावी लागते. खरी अडचण अशी की बऱ्याच झाडांचा भर मेअखेर आणि जूनमध्ये असतो, म्हणजे नेमका पावसात. पाऊस लागलेले फळ फुगते, फुटते, दोन दिवसांत बुरशी धरते. साल पाणचट होते, आणि वाळवायला ऊन नसते. कोकणात जेवढे रातांबे पिकतात त्यातले कितीतरी असे झाडाखालीच सडतात. म्हणून लवकर पिकणे हा जातीचा गुण फळाच्या आकारापेक्षाही मोलाचा मानावा. मोठे फळ देणारे पण जूनमध्ये पिकणारे झाड प्रदर्शनात शोभते, हातात पैसा देत नाही.

फळ झाडावरून काढावे, खाली पडलेले गोळा करून आणू नये. निदान दोन्ही ढीग वेगळे ठेवावेत. खाली पडलेल्या फळाला माती, मुंग्या आणि चीर हे तिन्ही लागलेले असते. त्याचे आगळ, म्हणजे मिठात सोडवलेला रस, चार दिवसांत फेसाळतो. उंचावरची फळे आंब्याच्या झेल्याने निघतात. फांदी हलवूनच काढायची असतील तर खाली स्वच्छ जाळी बांधावी. पूर्ण रंग आलेले पण अजून दाबल्यावर घट्ट लागणारे फळ आमसुलाला उत्तम. हिरवट झाक असलेल्याला रंग येत नाही, आणि मऊ पडलेले लगेच रसाच्या कामाला घ्यावे. तोडलेले फळ पोत्यात भरून रात्रभर ठेवू नये. ढिगाला आतून उष्णता सुटते आणि सकाळी तळची फळे आंबलेली निघतात. त्याच दिवशी धुऊन फोडायचे, हा नियम.

आमसुलाची रीत घरोघरी माहीत आहे, तरी ती बिघडते कुठे ते लिहितो. फळ धुऊन, पुसून, दोन भाग करून साल वेगळी आणि बिया-गर वेगळा. साल फळाच्या साधारण निम्म्या वजनाची भरते. पहिले ऊन नुसत्या सालीला. गराच्या गाळलेल्या रसात लिटरला १०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात वाळत आलेली साल संध्याकाळी बुडवायची, सकाळी उपसून पुन्हा उन्हात. अशी पाच ते सात पुटे. घाई करणारे दोन पुटांवर थांबतात. ते आमसूल वजनाला हलके, चवीला फिके आणि आमटीत घातल्यावर चिंधीसारखे लागते. प्रत्येक पुटाआधी साल पुरेशी वाळलेली हवी. ओलसर सालीला पुढचे पुट दिले तर रस आत जात नाही आणि वर चिकट थर बसून बुरशी धरतो. रस रोज हुंगून पाहावा. दारूसारखा वास आला तर तो टाकून ताजा घ्यावा. तयार आमसूल वाकवले तर वाकते, बोटाला रस लागत नाही, आणि रंग गडद जांभळट-काळा असतो. ॲल्युमिनियम, पितळ, लोखंड या कामात आणू नये. रस इतका आंबट असतो की तो भांडे खातो. स्टेनलेस स्टील, काच, चिनी माती किंवा अन्नासाठीचे प्लास्टिक वापरावे.

ढगाळ दिवसांसाठी वाळवणी यंत्र हाच उपाय. तापमान ५० ते ६० अंशांच्या मध्ये ठेवावे. लवकर आटपावे म्हणून ८० वर नेले की सालीतला लाल रंग जळून आमसूल तपकिरी होते आणि बाजारात "जुने" म्हणून भाव पडतो. घरी चुलीचा धूर देऊन वाळवले तर टिकते, पण धुराचा वास सोलकढीत उतरतो. वाळवलेले आमसूल पावसाळ्यात पाझरते, कारण मीठ हवेतले पाणी ओढते. हे बिघडण्याचे लक्षण नव्हे. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे आणि ओला हात लावू नये.

आगळाला मेहनत कमी, शिस्त जास्त. १ किलो ताज्या सालीला १५० ते २०० ग्रॅम मीठ, थर देऊन भरायचे. रोज एकदा स्वच्छ, कोरड्या लाकडी पळीने खाली-वर करायचे. सात-आठ दिवसांत साल रस सोडते. गाळून कोरड्या बाटल्यांत भरावे. मीठ वाचवायला शंभर ग्रॅमवर आणले की पांढरी साय धरते, मग फेस, मग वास. मीठच इथे टिकवणारे आहे. म्हणूनच आगळाची सोलकढी करताना वरून मीठ घालण्याआधी चाखावी, आणि रक्तदाब असलेल्यांनी आगळाऐवजी बिनमिठाची वाळवलेली साल भिजवून वापरावी.

अमृत कोकमाला, म्हणजे सरबताच्या गोड पाकाला, १ किलो साल आणि २ किलो साखर. साल धुतल्यावर पाणी पूर्ण निथळू द्यावे, एकही बी राहू देऊ नये, थर देऊन भरावे आणि सात-आठ दिवस रोज तळापासून ढवळावे. तळाशी साखर बसली की वरचा पाक पातळ राहतो आणि आंबायला तिथूनच सुरुवात होते. हा पाक शिजवायचा नाही. गाळून बाटलीत भरताना तोंडापर्यंत भरावा आणि उजेडापासून दूर ठेवावा. उन्हात ठेवलेल्या बाटलीचा लाल रंग महिन्याभरात मातकट होतो. एक भाग पाकाला पाच-सहा भाग पाणी, चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. साखर कमी केलेले अमृत कोकम करायचे असेल तर ते शीतकपाटात ठेवून आठवड्याभरात संपवावे. बाजारात पाठवू नये, बाटल्या फुटतात.

रंगाबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. कोकमाचे सरबत म्हणून गडद गुलाबी पाणी विकले जाते आणि काही उपाहारगृहांत सोलकढी बिटाने रंगवतात. घरी पारख करता येते. कोकमाचा रंग आम्लात लाल राहतो आणि अल्कात बदलतो. थोडे सरबत पाण्यात पातळ करून त्यात खाण्याचा सोडा चिमटी-चिमटीने, फेस थांबेपर्यंत घालावा. लाल रंग जाऊन जांभळट, मग निळसर-करडा झाला तर कोकम आहे. गुलाबी तसाच राहिला तर तो रंग कोकमाचा नव्हे. दोन्ही मिसळलेले असतील तर निकाल संदिग्ध येतो, एवढी या परीक्षेची मर्यादा. नारळाच्या पांढऱ्या दुधात आगळ घातल्यावर रंग फिकट गुलाबीच येतो. म्हणून फार भडक सोलकढी दिसली तर विचारावे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या नावाखाली रंगाचे पाणी विकणारा आपल्याच शेजाऱ्याचा भाव पाडतो.

वजन उतरवण्याच्या गोळ्यांच्या जाहिरातींत 'गार्सिनिया' हे नाव दिसले की लोक कोकम समजतात. त्या बहुतेक गोळ्या केरळात माशाच्या कालवणात घालतात त्या कुडमपुळीच्या अर्कापासून केलेल्या असतात. ते कोकमाचे भावंड, कोकम नव्हे. आमसूल जेवणात खावे, औषध म्हणून गोळ्या घ्यायच्या तर डॉक्टरांना विचारून.

उरल्या बिया. आमसुलाच्या कामात त्या ढिगाने उकिरड्यावर जातात याचे फार वाईट वाटते. सबंध बीच्या वजनात पाव भागाच्या आसपास तेल असते. त्या गर धुऊन लगेच कडक वाळवाव्यात. गर चिकटलेला राहिला तर आत बुरशी जाऊन तेलाला खवट वास येतो. वाळलेल्या बियांचे टरफल फोडून, मगज कुटून, पाण्यात मंद उकळावा. तेल वर तरंगते. रात्रभर थंड झाले की वर पांढरट थर घट्ट होतो, तो काढून पुन्हा वितळवून गाळावा आणि मुठीने वळावा. हे मुठेल चाळीस अंशांच्या आसपास वितळते, म्हणून घरात घट्ट राहते आणि अंगावर चोळले की मऊ होते. टाचांच्या भेगांवर आणि फुटलेल्या ओठांवर ते लावणे कोकणात आणि गोव्यात जुनेच आहे. आज सौंदर्यप्रसाधनांचे कारखाने तेच मागतात. विकायच्या बिया स्वच्छ आणि कोरड्या असतील तरच घेणारा परत येतो. पाणी साफ काढले नाही तर घरच्या मुठेलालाही महिन्याभरात वास येतो.

शासनाकडे मागणी मोठी नाही. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने कोकणच्या कातळावर आंबा आणि काजू उभा केला, त्याचे श्रेय कोणी नाकारत नाही. कोकमही अनुदानाच्या यादीत आहे. पण अनुदान देताना कलम मादी आहे का, काडी उभी आहे का आणि सोबत नर किती, या तीन गोष्टी तपासणीच्या कागदावर आल्या पाहिजेत. रोपवाटिकेच्या प्रत्येक पिशवीवर मातृवृक्ष, लिंग आणि काडीचा प्रकार लिहिणे बंधनकारक करावे. दुसरे, वाळवणी यंत्राची गरज गावाला वर्षातून मोजून महिनाभर असते. एकेका घराने ते घेणे परवडत नाही. महिला बचत गटाकडे किंवा ग्रामपंचायतीकडे एक सामायिक यंत्र मेच्या पहिल्या आठवड्यात चालू स्थितीत असावे. ते जुलैमध्ये येऊन उपयोग नाही.

आणि वाचकांना एक काम. आपल्या परिसरात दरवर्षी सगळ्यांच्या आधी पिकणारा, जाड सालीचा, भरपूर धरणारा एखादा रातांबा असतो, गावात तो सगळ्यांना ठाऊकही असतो. यंदा त्याच्या खोडावर खूण करावी, पहिली तोडणी कोणत्या तारखेला झाली आणि किती किलो फळ निघाले हे वहीत लिहावे. अशी दोन-तीन हंगामांची नोंद घेऊन दापोलीच्या विद्यापीठाला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला कळवावे. रस्तारुंदीकरणात किंवा घरबांधणीत ते झाड जाणार असेल, तर तोडण्याआधी त्याच्या उभ्या शेंड्याच्या काड्या जवळच्या रोपवाटिकेत त्याच दिवशी पोचवाव्यात.

कळावे.

आपला,
एक कोकम बागायतदार,
जि. रत्नागिरी